माकडाचं झाड आणि खारीची ढोली

मुलांनो, ही गोष्ट सांगताना माझा आवाज चढला तर चढू द्या. कुणी पोटाला चिमटा काढून चार दाणे बाजूला ठेवले की लगेच त्याला हावरट म्हणणारे मी फार पाहिलेत, आणि दर वेळी माझं डोकं फिरतं.

एका रानात चारोळीचं एकच झाड होतं आणि त्यावर एक माकड मालक होऊन बसलं होतं. झाड त्यानं लावलं नव्हतं, त्याला कधी ओंजळभर पाणी घातलं नव्हतं. त्याचे दात इतरांपेक्षा मोठे होते, एवढंच. ज्याला चारोळ्या हव्यात त्यानं सकाळपासून दुपारपर्यंत माकडाच्या पाठीतल्या उवा वेचायच्या, मग ते मूठभर फळं खाली टाकणार, अशी तिथली रीत. साळुंकी उवा वेचायची, खारही वेचायची. एकदा खार म्हणाली, "मालक, आज लवकर सोडा. पिल्लांचे डोळे अजून उघडले नाहीत आणि ढोलीजवळ धामण फिरते आहे."

माकडानं नुसती कूस बदलली. "खुशाल जा. पण मग चारोळ्या मागायला येऊ नकोस," ते म्हणालं. खार थांबली. रिकाम्या पोटी पिल्लांसाठी दूध कुठून येणार? दुपारी ती घरी पोचली तेव्हा तीन पिल्लांपैकी दोनच उरली होती.

त्या दिवशी खार रडली नाही, संतापली. माकडावर संतापली, त्याहून जास्त स्वतःवर. दुसऱ्या दिवसापासून ती फळांचा वरचा गर तेवढा खायची आणि आतल्या कठीण बिया ढोलीत नेऊन ठेवायची. पोट अर्धंच भरायचं. "काय गं, सावकारीण व्हायचंय का?" साळुंकी चिडवायची. खार तोंडात बी धरून ढोलीकडे पळायची. वैशाख सरता सरता पावसाळाभर पुरतील एवढ्या बिया जमल्या, तेव्हा तिनं माकडाला तोंडावर सांगितलं, "उद्यापासून मी येणार नाही."

माकड खवळलं. "बघा, बघा हिला! माझं खाऊन ढोली भरली. लोभी कुठली!" आणि जे बिचारे स्वतः रोज त्याच्या उवा वेचत होते, तेच माना डोलवू लागले. मला खरा राग येतो तो इथं.

खार शेपटी ताठ करून उभी राहिली. "मला लोभी म्हणतोस? माझं पुरेसं झालं तशी मी थांबले. आता तू फुकट दिलंस तरी मला नको. मला माझ्या पिल्लांजवळ बसायचंय, म्हणून मी साठवलं. तू एवढं झाड कशासाठी अडवून बसलायस, तेवढं सांग."

माकडानं फांदी आणखी घट्ट कवटाळली. साळुंकीनं मान वर करून पाहिलं, तर फांद्याफांद्यांवर फळं पिकून सडत होती, त्यांना मुंग्या लागल्या होत्या. दुसऱ्या दिवसापासून तीही बिया साठवू लागली. तिचं बघून बाकीचेही साठवू लागले, आणि एकेक करत सगळे सुटले.

आता माकड एकटं पडलं. नदी अगदी जवळ होती, पण आपण खाली उतरलो की कुणीतरी फळं पळवील, या धास्तीनं ते पाणी प्यायलाही जाईना. उन्हानं त्याच्या घशाला कोरड पडली, पाठ खाजून खाजून सोलवटली. एके दिवशी खार दोन्ही पिल्लांना घेऊन नदीवर निघाली होती. माकड घोगऱ्या आवाजात म्हणालं, "खारूताई, जरा झाडाकडे बघतेस का? मी पाणी पिऊन येतो."

"तुझं झाड आता कुणालाच नकोय," खार म्हणाली. "जा, पाणी पी."

माकड दोन पावलं खाली उतरलं. त्यानं वळून फळांकडे पाहिलं, आणि ते पुन्हा वर जाऊन बसलं.

तात्पर्य : कुणाच्या दारात मान वाकवावी लागू नये म्हणून पुरेसं जोडणं, याला लोभ म्हणत नाहीत, ज्याला 'पुरे' म्हणताच येत नाही तो लोभी, आणि तो भरल्या झाडावरही कैदीच असतो.