धुरपदेचा तिसरा शब्द

डोंगरावरच्या सागाला अजून कुणी कुऱ्हाड लावली नव्हती आणि सावळी नदी बारा महिने वाहत होती, तेव्हाची ही गोष्ट. ज्यांनी ती पाहिली ते गेले, ज्यांनी ती त्यांच्या तोंडून ऐकली तेही गेले. गोष्ट तेवढी राहिली.

सावळीच्या काठी मोहवळण नावाचं गाव होतं. गाव एक, पण वस्त्या तीन. नदीच्या अल्याड एक वाडी, पल्याड दुसरी वाडी, आणि दगडी बांधाच्या टोकाशी टेकाडावर पाटकऱ्यांची वस्ती. पाटकरी म्हणजे पाटाचं पाणी सांभाळणारे. बांधाला दोन मोऱ्या होत्या, एक अल्याडच्या पाटाला आणि एक पल्याडच्या. एक उघडायची तर दुसरी मिटावी लागे, नाहीतर दोन्हीकडचं पाणी अर्ध्या वाटेतच जिरून जाई.

म्हणून मोहवळणात एक रीत होती. काहीही ठरवायचं असलं, पाण्याचं असो की लग्नाचं, की भांडणाचं, तीन शब्द पडायचे. एक अल्याडचा, एक पल्याडचा आणि तिसरा पाटकऱ्यांचा. दोन शब्द जुळले की निवाडा झाला. पाटकऱ्यांना वीतभर जमीन नव्हती आणि ती कधी घ्यायची नाही अशी त्यांची आण होती. सुगीला दोन्ही वाड्यांच्या खळ्यांवरून त्यांना धान्य मिळे. अल्याडचे म्हणत, पाटकरी पल्याडच्यांना फितूर आहेत. पल्याडचे म्हणत, ते अल्याडच्यांचे मिंधे आहेत. दोन्हीकडून शिव्या पडत होत्या, तोवर गाव सुखात होतं, असं म्हणतात.

याच पाटकऱ्यांमध्ये धुरपदा होती. वस्तीचा म्हातारा लखबा तिसरा शब्द देई, त्याची ती बायको. ती सुईण होती. दोन्ही काठांवरची पोरं तिच्याच हातात पहिल्यांदा रडली. असं म्हणतात की अडलेल्या बाईच्या पोटावर तिनं हात ठेवला की आतलं मूल आपणहून वळायचं.

एका साली पाऊस कमी झाला. अल्याडचा कारभारी सुभानजी आणि पल्याडचा कारभारी मानकोजी, ज्यांनी जन्मात एकमेकांच्या घरचं पाणी चाखलं नव्हतं, ते दोघं नदीच्या वाळूत एकत्र बसले. सुभानजी म्हणाला, "आपलीच पोरं उपाशी आणि ह्यांना रास कशापायी घालायची? मोऱ्यांची दारं काय, आपणबी उघडू." मानकोजी म्हणाला, "ह्या एका गोष्टीत माझा तुझा शब्द एक."

पाटकरी टोपल्या घेऊन खळ्यावर आले आणि रिकाम्या टोपल्या घेऊन माघारी फिरले. लखबा भांडला नाही. तो एवढंच बोलला, "दोघं एक झालात, लई चांगलं झालं. आता एकच ऱ्हावा."

दुसऱ्या दिवशी पाटकऱ्यांनी गाव सोडलं.

त्या सकाळी धुरपदा पल्याडला मानकोजीच्या घरी होती. त्याची सून गजरा अडली होती, मूल पायाळू होतं. लखबानं अंगणाबाहेरून हाक मारली, "आम्ही निघालो. चल." धुरपदा आतूनच म्हणाली, "मूल मधे अडलंय. तुम्ही व्हा पुढं, मी मागनं येते." लखबा म्हणाला, "उत्तरंची वाट धरतोय." आणि तो गेला. सगळी वस्ती त्याच्या मागं गेली, शेळ्या, कोंबड्या, कडेवरची लेकरं घेऊन. असं म्हणतात की त्या दिवशी गावातलं एकही कुत्रं भुंकलं नाही.

मूल झालं. मुलगा. धुरपदा हात धुऊन वाटेला लागली, तर मागून मानकोजीची बायको ऊर बडवत धावत आली. "धुरपदाबाई, मागं फिरा हो! रगत थांबंना!" धुरपदा वाटेत उभी राहिली. पुढं धूळ अजून खाली बसली नव्हती, तिच्या माणसांची. मागं गजरा मरत होती. धुरपदा मागं फिरली. गजरा वाचली, पण तिचं दुखणं लांबलं, आणि ती उठून बसेपर्यंत वाऱ्यानं वाटेवरची पावलं पुसून टाकली होती. मुलाचं नाव ठेवलं दौलती.

इकडं सुभानजी आणि मानकोजीचं जे एक झालं होतं, ते पहिल्या पाण्यालाच फाटलं. सुभानजी म्हणे आधी माझी मोरी, मानकोजी म्हणे आधी माझी. एक शब्द इकडं, एक शब्द तिकडं, तिसरा नाहीच. काही ठरेना. दारं मिटलेलीच राहिली. बांधात पाणी होतं आणि शेतात गहू वाळत होता. मग मोडलेली सोयरीक जुळेना, बैलाच्या चोरीचा निवाडा होईना. पाटकऱ्यांना परत आणावं असं मनातून सगळ्यांनाच वाटू लागलं. पण अल्याडचे म्हणत, पल्याडच्यांनी हाकललं, त्यांनीच आणावं. पल्याडचे म्हणत, बोलणं सुभानजीनं काढलं, त्यानंच जावं. कुणीच गेलं नाही.

शेवटी दोन्हीकडचे धुरपदेकडं आले. "बाई, तू पाटकरीण. तिसरा शब्द तू दे."

धुरपदा म्हणाली, "एकट्या बाईचा शब्द कुणी धरणार न्हाई. माझी माणसं आणा."

पण पीक डोळ्यांदेखत जळत होतं, म्हणून तिनं शब्द दिला, अल्याडची मोरी आधी उघडा. पल्याडचे म्हणाले, सुभानजीनं हिला लुगडं दिलं असणार. पुढच्या खेपेला तिनं पल्याडच्या बाजूनं शब्द दिला. अल्याडचे म्हणाले, मानकोजीच्या घरचं मीठ बोललं. वस्तीभर माणसांना विकत घेता येत नव्हतं, भेवडावता येत नव्हतं. एकटीला विकतही घेता येतं आणि भेवडावताही येतं, हे सगळ्यांना ठाऊक होतं, म्हणून ती खरं बोलली तरी कुणाला खरं वाटेना. एक दिवस पाटावर दोन मुडदे पडले. एक अल्याडचा, एक पल्याडचा. दोघांची नाळ धुरपदेनंच कापली होती.

त्या दिवशी ती आपल्या माणसांच्या शोधात निघाली.

ती उत्तरेला चालत राहिली. जिथं बांध दिसेल तिथं थांबे, पाणी सोडणाऱ्याला विचारी. असं म्हणतात की तिच्या पायांच्या टाचा झिजल्या, आणि ज्या ज्या ओढ्यात तिनं पाय बुडवले त्या ओढ्यांचं पाणी अजून तांबूस येतं. दुसरा पावसाळा सरता सरता ती एका उजाड बांधाशी पोचली. तिथं पळसाच्या पानांचं एक खोपट होतं आणि खोपटात लखबाची बहीण बसली होती. धुरपदेनं नणंदेला ओळखलं, नणंदेनं तिला आवाजावरून ओळखलं. नणंदेची दृष्टी गेली होती.

"बाकीची कुठं हायती?" धुरपदेनं विचारलं.

"वयनी, पटकी आली," नणंद म्हणाली. "लहान आधी गेली. मग मोठी. दादा शेवटाला गेला. माती लोटायला मी एकटी होते."

धुरपदा रडली नाही, असं म्हणतात. तिनं नणंदेला न्हाऊ घातलं, भाकरी भरवली. नणंद म्हणाली, "आता हितंच ऱ्हा. दोघी मिळून मरू." धुरपदा तिच्याजवळ राहिली. थंडी सरायच्या आत नणंद गेली. मग धुरपदा उठली आणि मोहवळणाकडं परत निघाली. का परतली, हे कुणालाच सांगता येत नाही. काही म्हणतात तिला दुसरं गाव नव्हतं. काही म्हणतात तिथं पोटुशा बाया होत्या.

ती पोचली तेव्हा दोन्ही वाड्या बांधावर समोरासमोर उभ्या होत्या. हातात कुऱ्हाडी, गोफणी. सुभानजी एका टोकाला, मानकोजी दुसऱ्या. धुरपदा बांधावर चढली आणि चालत मधोमध आली. तिच्या कपाळावर आडवं कुंकू होतं, हातात हिरव्या बांगड्या होत्या.

सुभानजीनं विचारलं, "सापडली का तुझी माणसं?"

सगळी नदी गप्प झाली, असं म्हणतात.

"सापडली," धुरपदा म्हणाली. "सुखात हायती. लखबाचा निरोप हाय. पुढल्या सुगीला येतो म्हणाला. तवर एक दिस अल्याड, एक दिस पल्याड पाणी सोडा. आणि माणूस मारू नका. आल्यावर मी एकेकाचा हिशेब इचारीन, म्हणाला."

कुऱ्हाडी खाली आल्या. कुणाला लाज वाटली, कुणाला भीती. पाटकऱ्यांनी परत येऊन तिसरा शब्द आपल्या विरुद्ध टाकू नये, म्हणून दोन्ही वाड्या शहाण्यासारख्या वागू लागल्या.

पुढची सुगी आली. धुरपदा म्हणाली, "लखबाचा पाय मोडलाय. पुढल्या साली." त्या पुढच्या साली म्हणाली, "सून बाळंत व्हायचीय, ती उठली की निघतील." लोकांना खरं वाटावं म्हणून ती टेकाडावरच्या पडक्या वस्तीत एकटी राहिली. दर पहाटे ती प्रत्येक झोपडी झाडायची. प्रत्येक अंगणात सडा घालायची. संध्याकाळी एकेक करून सगळ्या चुली पेटवायची. सगळ्या छपरांतून धूर निघे आणि खालून बघणारी माणसं म्हणत, बघा, धुरपदा घरं जागती ठेवतीय, म्हणजे ती येणारच. असं म्हणतात की त्या धुरात लेकरं रडल्यासारखा आवाज यायचा. एक म्हातारी सांगायची, तो आवाज लेकरांचा नव्हता.

नवरा मेलेली ती बाई रोज आरशासारख्या पाण्यात बघून कुंकू लावायची. बांगडी पिचली तर दुसरी भरायची. संक्रांतीला अल्याडच्या सुवासिनी तिला वाण द्यायच्या, हळदीकुंकवाला पल्याडच्या बोलवायच्या, आणि ती जायची. तिनं सुतक पाळलं नाही, दहावा केला नाही. आपल्या माणसांसाठी तिला एकदाही मोठ्यानं रडता आलं नाही. रडली असती तर दुसऱ्या दिवशी बांधावर प्रेतं पडली असती.

अशी बरीच वर्षं गेली. गाव त्या खोट्यावर जगलं.

दौलती मोठा झाला. अंगानं धिप्पाड, बोलायला फटकळ. एका वर्षी पावसानं सगळा हंगाम दडी मारली आणि शेवटी डोंगरात एकदाच असा कोसळला की बांध काठोकाठ भरला. दौलतीला वाटलं, हे पाणी सगळं पल्याडला हवं. आजा मानकोजी त्याला म्हणाला, "पाटकरी आल्यावर काय सांगशील?" दौलती म्हणाला, "कोण पाटकरी? मी जन्मल्यापासनं ऐकतोय, येतायत, येतायत." तो उठला आणि सरळ टेकाडावर गेला. एकेक झोपडी उघडून बघितली. ना अंथरूण, ना मडकं, ना गाडगं. येणाऱ्यांसाठी काहीच मांडलेलं नव्हतं, नुसती राख. धुरपदा शेवटच्या चुलीशी फुंकर घालत बसली होती.

"आये," तो म्हणाला, "कुणी येणार न्हाई ना?"

तिनं त्याच्याकडं बघितलं आणि चुलीत काटकी सारली.

दौलती धावत बांधावर गेला आणि ओरडला, "कुणी येत न्हाई! एकटी म्हातारी चुली पेटवतीय! तिसरं कुणी न्हाईच!"

दोन्ही वाड्या धावून आल्या. सुभानजीला आता काठीशिवाय उभं राहता येत नव्हतं. तो म्हणाला, "धुरपदाबाई, पोरगं खोटं बोलतंय म्हणून सांग."

धुरपदा टेकाडावरून हळूहळू उतरली. दोन मोऱ्यांच्या मधे एक दगड होता, त्याच्याशी थांबली. तिनं दोन्ही हात उचलले आणि दगडावर आपटले. बांगड्या फुटल्या. तिनं पदरानं कपाळ पुसलं. मग खाली बसली आणि रडली. इतक्या वर्षांचं रडणं एकदम आलं. नावं घेऊन घेऊन रडली, लखबाचं, दिरांचं, जावांचं, तान्ह्या पोरांचं. असं म्हणतात की ते ऐकून झाडावरची पाखरं उडाली ती पुन्हा त्या झाडांवर बसली नाहीत.

लोकांनी तिचं रडणं पुरतं होऊ दिलं असतं तर? पण नाही. कुणीतरी अल्याडच्या मोरीवर कुऱ्हाड घातली, कुणीतरी पल्याडच्या. पहिली गोफण कुणाची सुटली हे आजही ठरत नाही. अल्याडचे म्हणतात त्यांची, पल्याडचे म्हणतात ह्यांची. धुरपदा उठून मधे उभी राहिली, दोन्ही हात पसरून. दगड तिला दोन्हीकडून लागले.

ती पडली तेव्हा बांध तडकला, असं म्हणतात. काठोकाठचं पाणी एकदम सुटलं. त्यानं अल्याड बघितलं नाही, पल्याड बघितलं नाही. दोन्ही काठांची काळी माती खरवडून नेली, खाली उरला तो खडक. सुभानजी गेला, मानकोजी गेला, किती गेले ते मोजायलाही कुणी नव्हतं. धुरपदेचं प्रेत सापडलं नाही.

दौलती वाचला. आई गजरा त्याला खडकावर बसवून म्हणाली, "तू जन्मलास त्या दिवशी ती आपल्या माणसांसंगं जायला निघाली होती. माझ्यापायी मागं फिरली." दौलतीनं पुन्हा मोहवळणात घर बांधलं नाही. तो डोंगराडोंगरातून हिंडायचा आणि मोठ्यानं विचारायचा, "कोण ऱ्हायलं?" असंच हिंडता हिंडता तो म्हातारा झाला आणि मेला.

मोहवळणाचा बांध पुन्हा कुणी बांधला नाही. तिथं माती नाही, पाणी उन्हाळ्यात टिकत नाही. थोडी घरं आहेत, ज्यांना जायला दुसरी जागा नाही त्यांची. पण त्या घरांतली माणसं काहीही ठरवायला जमली, अगदी देवळाला चुना लावायचा असला तरी, तर आधी गप्प होतात. मग सगळ्यांत म्हातारी बाई उठते, डोंगराकडं तोंड करते आणि धुरपदेच्या नावानं हाक घालते, "कोण ऱ्हायलं?"

कुणाचा शब्द घ्यायचा राहिला असला तर तो यावा म्हणून सगळे थांबतात. डोंगरातून तीच हाक माघारी येते. दुसरं कुणी येत नाही. मग माणसं खाली बसतात आणि बोलायला लागतात.