ठकू कासारणीचा धोंडा

गढ्यांचे बुरूज अजून चढत होते आणि त्यासाठी माणसांना वेठीला धरून नेत होते, त्या काळातली ही गोष्ट. किती वर्षं झाली, ते कुणी मोजलेलं नाही. शेंदुरखडी तेव्हाही अशीच होती. खाली नदी, वर आग्यामोहळांचा काळा कडा, आणि मधल्या उतरणीवर घरं. त्यातल्या एका घरात ठकू कासारीण राहायची. राहायची म्हणजे काय, घर तिथं होतं एवढंच. ती सापडायची मात्र पंचक्रोशीत कुठंही. डोक्यावर बांगड्यांची टोपली, पायात धूळ, आणि तोंड सुरू.

बांगडी भरून घ्यायची तर हात दुखतो. अंगठ्याखालचं हाड दाबून हात चोळत चोळत काच वर चढवावी लागते. बाई घाबरली, हात आखडला, की काच पिचते आणि मनगट चिरतं. म्हणून ठकू बोलायची. कुणाची सून माहेरी का गेली, कुणाच्या म्हशीनं कुणाला लाथ मारली, कोणत्या सासूनं लोण्याचा गोळा कुठं लपवला. ऐकणारीचा जीव गोष्टीत गुंतला की हात आपोआप सैल पडायचा आणि बांगडी सर्रकन चढायची. ठकूच्या हातात आयुष्यात एक बांगडी पिचली नाही, असं म्हणतात.

पण तिच्या पोटात काही राहायचं नाही. या गावचं त्या गावी, त्या गावचं पलीकडच्या. मनानं वाईट नव्हती हो. कुणाचं वाटोळं व्हावं असं तिला कधी वाटलं नाही. कुणी दम दिला, "ठकू, बोलू नकोस गं," की ती आपल्या गळ्याला चिमटीनं धरून शपथ घ्यायची आणि ती मनापासून घ्यायची. पुढच्या गावच्या ओट्यावर बसली, समोर एखादा आखडलेला हात आला, की ती शपथ कुठल्या कुठं जायची. बायका हसायच्या. म्हणायच्या, ठकूच्या जिभेला हाडच नाही. आणि ठकूही त्यांच्याबरोबर हसायची.

त्याच गावात कृष्णी नावाची तरणी सून होती. तिच्या नवऱ्याला, सुभानाला, जहागीरदाराची माणसं गढीच्या कामावर धरून घेऊन गेली होती. तिथं मुकादमानं एका म्हाताऱ्या पाथरवटाला चाबकानं फोडलं, तेव्हा सुभानानं मुकादमाला उचलून चुन्याच्या घाण्यात टाकलं आणि तो पळाला. पावसाचे दिवस होते. नदी दोन्ही काठ खात चालली होती. तिच्यात तो वाहून गेला, अशी बातमी आली. सासूनं, गजाईनं, ऊर बडवून घेतला. कृष्णीच्या हातातल्या हिरव्या बांगड्या उंबऱ्यावर फुटल्या. तेव्हापासून ठकू ओट्यावर टोपली उतरवायची तेव्हा गावच्या साऱ्या बाया गोळा व्हायच्या, आणि कृष्णी लांब, गोठ्याच्या दाराशी, मोकळ्या हातांनी उभी असायची.

एक दिवस ठकू करवंदीच्या वाटेनं एकटी चालली होती, तर कृष्णी जाळीतून बाहेर आली. पायांवर काट्यांचे ओरखडे होते. तिनं इकडंतिकडं पाहिलं आणि दोन्ही हात पुढं केले.

"मावशे, मला भर."

ठकू दचकून मागं सरली. "अगं पोरी, खुळी झालीस का? तुला कशी भरू?"

"भर गं. कुणासाठी ते इचारू नगंस."

पण न विचारणारी ठकू कुठली? तिनं विचारलं, आणि कृष्णीनं सांगितलं. ते ओझं एकटीनं वाहून वाहून तिचीही पाठ मोडली होती. सुभाना जिता होता. कड्याच्या कपारीत, मोठ्या आग्यामोहळाच्या खाली राहत होता. माश्यांच्या भीतीनं तिकडं चिटपाखरू फिरकत नसे. घरच्यांना ठाऊक होतं. सासूचं ऊर बडवणं खोटं होतं, कृष्णीचं पांढरं कपाळ खोटं होतं. सरपणाच्या निमित्तानं ती भाकरी पोचवायची.

"त्यो माझ्या हाताकडं बघतो अन् तोंड फिरवतो मावशे. म्हनतो, मी खरंच मेलो की काय असं वाटतं. येकदाच भरते. त्याला दावते अन् येताना उतरवून झुडपात ठेवते."

ठकूला रडू फुटलं. रडत रडतच तिनं कृष्णीचा हात मांडीवर घेतला. हात आखडलेला होता, बांगडी चढेना. मग नेहमीच्या सवयीनं ठकू बोलायला लागली. पलीकडच्या गावातल्या एका बाईची काहीतरी गंमत तिनं सांगितली. कृष्णीला किती दिवसांनी हसू आलं, आणि हिरव्या बांगड्या चढल्या. निघताना ठकूनं आपला गळा चिमटीत धरला. "तुझ्या सौभाग्याची आण, पोरी. ह्यातलं अक्षर तोंडातून जायचं नाही."

पुढं काही दिवसांनी गढीवर लग्न निघालं. जहागीरदाराच्या पुतणीला चुडा भरायला ठकूला बोलावणं आलं. नवरी अगदी कोवळी होती. रडून रडून तिचे डोळे सुजले होते आणि मुठी अशा आवळल्या होत्या की उघडेनात. ठकूनं म्हशीची गोष्ट सांगितली, लोण्याची सांगितली. नवरी ऐकेना. घरातल्या बाया अधीर झाल्या. लग्नाच्या चुड्यातली बांगडी पिचली तर मोठा अपशकुन, आणि बोल ठकूवर. तेव्हा तिनं आपल्याकडची सगळ्यात चांगली गोष्ट काढली. ती म्हणाली, "रडू नको बाय. तुला एका बाईची गोष्ट सांगते. तिचा नवरा जिता आहे, अन् तरी ती रांडव होऊन राहते."

नवरीचं रडणं थांबलं. सगळं माजघर कान देऊन ऐकायला लागलं. ठकू सांगत गेली. गावाचं नाव घेतलं नाही. माणसाचंही घेतलं नाही. तेवढं आपण सांभाळलं असं तिला वाटलं. ती फक्त त्या पोरीची माया सांगत होती, पायांवरचे काटे सांगत होती, जाळीतून पुढं आलेले दोन हात सांगत होती. नवरीच्या मुठी उलगडल्या. हात लोण्यासारखा झाला.

"मग तो राहतो तरी कुठं गं?" नवरीच्या आत्यानं विचारलं.

"कपारीत, आग्यामोहळाच्या खाली," ठकू शेवटची बांगडी सरकवत म्हणाली. "तिथं कोण जातंय मरायला?"

सगळा चुडा न पिचता चढला. ठकूची ओटी भरली. तिचं कौतुक झालं, तिला जेवायला बसवून घेतलं. असं म्हणतात, की गढीच्या पायऱ्या उतरताना ती गुणगुणत होती.

शेंदुरखडीच्या वळणावर आली तर कड्यावर धूर दिसला. काळा, ओल्या पाल्याचा धूर. त्यातून माश्यांचा लोट उठून आभाळात पसरला होता. ठकू थांबली. आग्यामोहळांचा कडा पंचक्रोशीत हा एकच होता. मग तिनं टोपली वाटेत टाकली आणि धावत सुटली.

गाव खाली कड्याच्या पायथ्याशी जमलं होतं. जहागीरदाराच्या माणसांनी मोहळाला धूर दिला होता. माश्या उठल्या, कपारीतला माणूस आंधळा होऊन बाहेर आला, आणि त्याचा पाय सुटला. आता तो खडकावर पडला होता. तोंड सुजून ओळखू येण्यासारखं राहिलं नव्हतं. त्यांचा नाईक घोड्यावरून विचारत होता, "कुणाचा हा? ज्यानं ह्याला भाकर घातली त्याचं घर जाळायचा हुकूम आहे. बोला!"

 नाईकानं गजाईकडं बोट केलं. "म्हातारे, तुझा लेक न्हवं का?"

गजाईच्या मागं तिची धाकटी लेकरं उभी होती, घर उभं होतं, सगळी आळी उभी होती. तिनं त्या प्रेताकडं पाहिलं. "न्हाई," ती म्हणाली. "माझा पुरात गेला."

कृष्णी बायकांच्या घोळक्यात होती. तिला रडता येत नव्हतं. परक्या माणसासाठी कुणी रडतं का? ती नुसती उभी होती, आणि उभ्या उभ्या तिनं ठकूकडं पाहिलं.  मी केलं, मी बोलले, असं ओरडावं, डोकं आपटावं असं ठकूला झालं होतं. पण एक शब्द बाहेर पडला असता तर सगळं घर जळालं असतं. आयुष्यात पहिल्यांदा ठकूला गप्प बसायचं होतं. तिनं पदराचा बोळा केला आणि दातांत कोंबला. असं म्हणतात, की तो बोळा तिनं काढला तेव्हा आवाज त्याच्याबरोबर गेलेला होता.

घोडे गेले. बेवारशी म्हणून सुभानाला नदीकाठी अग्नी दिला. सांजेला ठकू कृष्णीपाशी गेली. कृष्णी पाणवठ्यावर घागर बुडवत होती. ठकूनं तिचे पाय धरले, तोंड उघडलं, पण नुसता वारा आला.

कृष्णीनं तिला ढकललं नाही. शिवीही दिली नाही. ती म्हणाली, "मावशे, माझा हात भरताना तू मला येका बाईची गंमत सांगितलीस. मी हसले. ती कोन होती गं? तिचं पुढं काय झालं?"

ठकूला सांगता येईना. सांगता आलं असतं, तरी पुढं काय झालं ते तिला ठाऊकच नव्हतं. कुणाचंच ठाऊक नव्हतं.

त्यानंतर कृष्णी गावात दिसली नाही. कुणी म्हणतं नदीत गेली, कुणी म्हणतं घाट उतरून गेली. ठकू तिला शोधत फिरली. टोपली नव्हती, बोलणं नव्हतं. उन्हाळे गेले, पावसाळे गेले. प्रत्येक गावात ती प्रत्येक बाईचे हात बघायची. कृष्णी सापडली असती तर काय सांगणार होती, देव जाणे. शेवटी थकून ती कड्याच्या पायथ्याशी, वाटेच्या कडेला येऊन बसली.

आणि मग बायका तिच्याकडं यायला लागल्या. आधी एक आली, आजूबाजूला पाहिलं, आणि घरात कुणाला सांगता येत नव्हतं ते सांगून गेली. मग दुसरी आली. आता ठकूकडून काही फुटणार नाही, हे साऱ्यांना कळलं होतं. मार सांगितला, पोटातून गेलेलं लेकरू सांगितलं, नको तिथं जडलेला जीव सांगितला. नको म्हणायलाही ठकूला तोंड नव्हतं. ती डोळ्यांनी विनवायची, मान हलवायची. बायकांना वाटायचं, ती कळवळते आहे. बाया हलक्या होऊन घरी जायच्या आणि ठकू वाकत जायची. असं म्हणतात, की ती बसायची तिथली जमीन खचली. तिच्या पायांखाली खडक दबला. पाऊस पडला की तिच्याभोवती तळं साचायचं आणि ती त्यात बसून राहायची.

एका सकाळी ती तशीच बसल्या जागी मेली. गावातले गडी तिरडी घेऊन आले. एकानं हात घातला, उचलेना. चौघांनी घातला, आठांनी घातला. दोर लावले, बैल जुंपले. बैल गुडघ्यांवर आले, पण ठकू हलेना.

तेव्हा गजाई काठी टेकत पुढं आली. फार म्हातारी झाली होती. म्हणाली, "बैलांनी उचलायची न्हाई ती. आमच्या बोलन्यानं भरलीय. ज्येचं त्येनं परत घ्यावं." आणि ती खाली बसली. ठकूच्या गार पडलेल्या कानाशी न जाता सगळ्या गावाला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "खडकावर पडला त्यो माझा लेक व्हता. मी न्हाई म्हनले. माझा सुभाना व्हता त्यो."

 मग एकेक बाई पुढं आली. कुणी मोठ्यानं बोललं, कुणी कुजबुजलं, आणि आपापलं घेऊन रडत बाजूला झालं. पहिल्यानं ठकूची पाठ सरळ झाली. मग मान वर आली. चेहरा तरण्या बाईसारखा झाला. माशी बसली तरी हलेल, एवढी ती हलकी दिसायला लागली. गड्यांनी पुन्हा हात घातला.

ती उचलली नाही. एक बोलणं अजून आत राहिलं होतं, आणि ते परत घेणारी आलेली नव्हती. गजाईनं वाटेकडं पाहिलं. सगळ्यांनी पाहिलं. ऊन उतरेपर्यंत वाट पाहिली. मग ठकूला तिथंच माती दिली, आणि वर एका बाईनं कडेवर उचलून आणलेला एक गोल धोंडा ठेवला. ठेवताना तो एकटीला पेलला होता. ठेवल्यावर कुणालाच पेलेना.

अजून त्या वाटेनं जाणारी कासारीण तिथं हाळी देत नाही. टोपली डोक्यावरून उतरवते, हातात धरून पलीकडं जाते, मग पुन्हा डोक्यावर घेते. मार्गशीर्षातल्या अमावास्येला शेंदुरखडीच्या बायका दिवसाउजेडी तिथं जमतात. ना आरती, ना प्रसाद, ना गाणं. सासुरवाशिणी येतात, रांडवा येतात, माहेरी आलेल्या येतात. एकेकीनं वाकायचं, दोन्ही हात धोंड्याखाली घालायचे आणि सगळा जीव लावून ओढायचं. कुणी सांगावं, कृष्णीच्या रक्ताची एखादी बाई न कळत त्यांच्यात आलेली असेल. धोंडा हलला तर त्या दिवशी ठकू सुटली असं समजायचं, असं म्हणतात.

आजवर हललेला नाही. बाई हात झाडून बाजूला होते, कुणी तिला काही विचारत नाही, आणि मागची पुढं येते.