झिपरीचा कापूस आणि सीटखालचं झाकण

रस्त्याकडेला करंजाचं झाड. झाडाखाली दस्तगीरमामांचं गॅरेज. झाडावर झिपरी खार.

झिपरीला दोन पिल्लं. इवली इवली, गुलाबी गुलाबी. अंगावर केसच नाहीत. वारा आला की दोघं कुडकुड कुडकुड.

झिपरी म्हणाली, "थांबा हं बाळांनो. मऊ मऊ कापूस आणते."

ती गेली तुरुतुरु तुरुतुरु. कापूस तोंडात धरून परत आली तुरुतुरु. खूप दमली बिचारी.

वाटेत उभा होता केराबाईंचा टेम्पो. टेम्पोत पेरूच पेरू. टेम्पोला एक पाइप होता. त्यातून टेम्पो हवा ओढायचा. झिपरीने पाइपाच्या तोंडाशी कापूस ठेवला. म्हटलं, जरा दम खाऊ.

तेवढ्यात केराबाईंनी टेम्पो सुरू केला. घुर्रर्र!

पाइपाने हवा ओढली. सुळ्ळकन! कापूस आत गेला.

"खॉक खॉक खॉक!" टेम्पो खोकला. आणि बंदच पडला.

"अगंबाई, आता काय झालं?" म्हणत केराबाई दस्तगीरमामांकडे गेल्या.

"माझा कापूस!" म्हणत झिपरी टेम्पोत शिरली. सीटखाली होती एक पेटी. पाइप तिथेच शिरत होता. पेटीत हवा गाळायची जाळी. जाळीवर कापूस. पण पेटीला झाकण!

झिपरी म्हणाली,
"झाकणा, झाकणा, उघड ना!
झाकण उघडेना,
माझा कापूस मिळेना!"

झाकण म्हणालं, "मी कसं उघडू? माझ्या डोक्यावर बॅटरी बसलीय. आधी ती उठू दे."

झिपरी वर चढली तुरुतुरु.
"बॅटरीबाई, बॅटरीबाई, उठा ना!
बॅटरी उठेना,
झाकण उघडेना,
माझा कापूस मिळेना!"

बॅटरी म्हणाली, "मी कशी उठू? माझ्या डोक्यावर सीट बसलीय. आधी ती सरू दे."

झिपरी आणखी वर चढली तुरुतुरु.
"सीटमावशी, सीटमावशी, सरा ना!
सीट सरेना,
बॅटरी उठेना,
झाकण उघडेना,
माझा कापूस मिळेना!"

सीट म्हणाली, "मी कशी सरू? बोल्टाने मला घट्ट धरलंय. आधी तो सुटू दे."

बोल्ट कुठे होता? पार मागे, अंधाऱ्या कोपऱ्यात. झिपरी गेली तुरुतुरु.
"बोल्टोबा, बोल्टोबा, सुटा ना!
बोल्ट सुटेना,
सीट सरेना,
बॅटरी उठेना,
झाकण उघडेना,
माझा कापूस मिळेना!"

बोल्ट म्हणाला, "मी कसा सुटू? आधी पाना फिरू दे."

पाना गॅरेजच्या भिंतीवर टांगलेला. लांबच लांब दांडीचा. झिपरी गेली तुरुतुरु.
"पानेराव, पानेराव, फिरा ना!
पाना फिरेना,
बोल्ट सुटेना,
सीट सरेना,
बॅटरी उठेना,
झाकण उघडेना,
माझा कापूस मिळेना!"

पाना म्हणाला, "मी एकटा कसा फिरू? आधी दस्तगीरमामा मला धरू देत."

मामा केराबाईंशी बोलत उभे होते. झिपरी त्यांच्या पायाशी आली.
"मामा, मामा, पाना धरा ना!
पाना फिरेना,
बोल्ट सुटेना,
सीट सरेना,
बॅटरी उठेना,
झाकण उघडेना,
माझा कापूस मिळेना!"

मामा म्हणाले, "कसा धरू गं झिपरे? पान्याचं तोंड बोल्टावर बसवायचं, तर कोपऱ्यात हात घालायला हवा. आणि माझा हात बघ, हा एवढा! मावतच नाही."

"माझाही मावत नाही," केराबाई म्हणाल्या. "बांगड्या अडकतात. एवढीशी जाळी झाडायची, तर सगळा टेम्पो खोलायचा! मग राहूनच जातं बघा."

 वर पिल्लं कुडकुडत होती. झिपरीने आपला हात पाहिला. एवढुसा हात!

"मामा," ती म्हणाली, "माझा मावतो."

मामा हसले. त्यांनी पाना आत सरकवला. झिपरी कोपऱ्यात शिरली. तिने पान्याचं तोंड ओढलं, ढकललं, आणि बोल्टावर बसवलं. खट्ट!

"धरा, मामा!"

मामांनी पाना धरला.
पाना फिरला, कर्रर्र!
बोल्ट सुटला, टिंग!
सीट सरली, सर्रर्र!
बॅटरी उठली, हुप्प!
झाकण उघडलं, टप्प!
झिपरीला कापूस मिळाला!

कापूस जरा धुळकट झाला होता. झिपरीने तो झटकला, फट फट. आणि पळाली झाडावर तुरुतुरु तुरुतुरु. पिल्लांच्या खाली कापूस. पिल्लांच्या वर कापूस. कुडकुड थांबली. दोघं गाढ झोपली.

खाली मामांनी जाळी झाडली. केवढी धूळ! फूऽऽ!

केराबाई म्हणाल्या, "मामा, दर वेळी झिपरीला कुठे बोलवायचं?"

मामांनी डोकं खाजवलं. "टेम्पो बनवणाऱ्याने वरून छान बनवला. हात कुठून घालायचा, ते मात्र पाहिलं नाही. थांबा, आपण पाहू."

त्यांनी बॅटरी बाजूला बसवली. झाकणाचं डोकं मोकळं झालं. कोपऱ्यातला बोल्ट काढून टाकला. पुढे, हाताशी, सीटला एक कडी लावली. छोटीशी, पण घट्ट.

टेम्पो सुरू झाला. घुर्रर्र! खोकला नाही, काही नाही. पेरू निघाले बाजाराला.

पुढच्या महिन्यात केराबाई आल्या. मामा चहा पीत होते.

"बसा, मामा, बसा. माझं मी करते."

कडी उघडली, टक्!
सीट सरली, सर्रर्र!
झाकण उघडलं, टप्प!
जाळी झाडली, फूऽऽ!

"झालंसुद्धा!" केराबाई म्हणाल्या.

मामांचा चहा अजून गरमच होता.