ब्रेक दाबणाऱ्याचा सत्कार

अनसूयाबाई खरात शिलाई मशीनवर पोट भरायच्या. साखर कारखान्याचे संचालक दादासाहेब रणनवरे यांच्या गाडीने भरदुपारी त्यांचा पाय चिरडला, तेव्हापासून मशीन बंद पडलं. बाईंनी भरपाईचा दावा लावला. दादासाहेबांनी कोर्टात सांगितलं, "मी थेंबभरही घेतली नव्हती, आणि गाडी तर ड्रायव्हर चालवत होता." ड्रायव्हर सोपानने मान खाली घालून होकार दिला. मग तारखांवर तारखा पडत राहिल्या.

एका तारखेला अनसूयाबाई कुबडी टेकत उभ्या राहिल्या. "साहेब, भांडून दमले मी. ब्रेक वेळेवर लागला म्हणून पायावर निभावलं, नाहीतर जीवच जायचा. ज्यानं तो दाबला, त्याचा सत्कार तेवढा करू द्या."

न्यायाधीशांनी मान हलवली. बाईंनी पिशवीतून शाल आणि नारळ काढला आणि त्या सोपानकडे निघाल्या.

तालुक्यातली एकही शाल आजवर दादासाहेबांना सोडून दुसऱ्याच्या खांद्यावर गेली नव्हती. ती ड्रायव्हरला मिळणार हे पाहून ते ताडकन उठले.

"अहो, त्याला काय देताय? तो मागं झोपला होता! ब्रेक मी दाबला! एवढी घेतलेली असूनसुद्धा दाबला!"

वकिलाने त्यांचा सदरा ओढला, पण उशीर झाला होता. न्यायाधीश ते शब्द लिहून घ्यायला सांगत होते.

अनसूयाबाई बाकावर टेकल्या आणि शाल त्यांनी स्वतःच्याच दुखऱ्या पायावर पांघरली.

"तुमचा सत्कार आता कोर्ट करील, दादासाहेब," त्या म्हणाल्या. "मला जरा बसू द्या."