सुखी गावाचा गोठा

गावांना वेशी होत्या आणि वेशींना दारं होती, त्या काळातली ही गोष्ट. एका राज्याची राणी दरवर्षी राज्यभर फिरायची. ज्या गावात एकही दुःखी माणूस दिसणार नाही, त्या गावाच्या देवळावर मानाचं निशाण लावायची.

एका गावातून हे निशाण कित्येक वर्षं हललंच नव्हतं. तिथल्या म्हाताऱ्यांनी युक्ती काढली होती. राणी यायच्या दिवशी आजारी, पंगू, रडवी माणसं गावामागच्या गोठ्यात कोंडायची, आणि त्यांचं कण्हणं ऐकू जाऊ नये म्हणून दारात ढोल बडवायचे. वयानं अक्कल येते, असं हीच मंडळी पोरांना सांगत.

त्या वर्षी गोठ्यात हौसाची पोर होती. तापानं फणफणलेली, खोकून खोकून ओठ निळे पडलेले. हौसाला मात्र पाटलांनी पहिल्या रांगेत उभं केलं होतं, कारण तिचे दात छान होते.

"हसायचं," पाटलांनी बजावलं. "पोरीचं काय, घटकाभराचा प्रश्न. गावाची अब्रू गेली तर परत येते का?"

आणि पोर गेली तर, हे हौसाच्या ओठांवर आलं होतं. पण मोठ्यांना उलट बोलायचं नाही, हे तिच्यात लहानपणीच मुरवलेलं. तिनं दात दाखवून हसू आणलं.

राणीची स्वारी आली. पालखीमागे घोड्यावर औषधांची पेटी घेऊन राजवैद्य होता. कुणी आजारी आहे का, असं त्यानं विचारलं. पाटलांनी हात जोडले; देवाच्या दयेनं आमच्याकडे साधी शिंकही नाही, म्हणाले. वैद्यानं घोडा वळवला.

हौसाचं हसू तोंडावरच थिजलं. ढोलांच्या आडून तिला पोरीचा खोकला ऐकू येत होता. मग तो ऐकू येईनासा झाला.

राणी तिच्यासमोर थांबली. "काय गं, सुखी आहेस ना?"

पाटलांनी डोळे वटारले.

"नाही, राणीसाहेब," हौसा म्हणाली. "ते ढोल थांबवायला सांगा."

बाई जरा वेडसर आहे, असं पाटील हसत हसत सांगू लागले. राणीनं हात वर केला. ढोल थांबले.

गोठ्यातून खोकला आला, हुंदके आले, आणि एक थकलेला आवाज आला: "अरे, घोटभर पाणी द्या रे कुणी." तो पाटलांच्या आईचा होता.

वैद्य घोड्यावरून उडी मारून धावला. संध्याकाळी हौसाची पोर तिच्या मांडीवर पेज प्यायली. गोठ्याच्या कोपऱ्यातला एक म्हातारा मात्र आधीच गेला होता. कधी, ते दारात उभ्या ढोलवाल्यांनाही कळलं नव्हतं.

निशाण उतरलं. पाटील पारावर बसून हौसाच्या नावानं बोटं मोडत राहिले, हिनं गावाचं सुख घालवलं म्हणून. ऐकायला कुणी थांबेना. लोक एकमेकांच्या दारात जाऊन विचारत होते, घरात कुणाला काय होतंय, काही लागतंय का.

लहानांनो ध्यानात ठेवा, आणि मोठ्यांनो तुम्हीही: जिथं दुःख लपवावं लागत नाही, सुख तिथंच वस्तीला येतं.