ओम्निबसची विभक्ती

“उद्या दुपारपर्यंत या शब्दाचा अर्थ, मूळ आणि विभक्ती सांग, नाहीतर तुझा बाप संस्थानाबाहेर!”

बापासाठी माफी मागायला आलेल्या धुर्पा परटिणीला देवडोंगरच्या महाराजांनी असं फर्मावलं. महाराजांनी सरदारांसाठी विलायतेहून लांबलचक घोडागाडी आणवली होती. तिच्यावर सोनेरी अक्षरांत लिहिलं होतं, ‘ओम्निबस’. धुर्पाचा म्हातारा बाप राजवाड्याची गाठोडी घेऊन घाट चढताना गुडघे धरले म्हणून क्षणभर या गाडीत टेकला. एवढाच काय तो गुन्हा!

त्या शब्दाचा अर्थ दरबारात कोणालाच येत नव्हता. महाराजांनाही नाही, पण ते थोडेच कबूल करणार! म्हणून तर प्रश्न धुर्पाच्या माथी मारला. दिवाणांच्या मते ते कारखानदाराचं आडनाव होतं. त्र्यंबकशास्त्र्यांनी तर ‘ॐ’ आणि ‘निवास’ अशी फोड करून गाडीचं देवघरच करून टाकलं. तेव्हापासून सरदार जोडे हातात घेऊन चढत!

धुर्पा मिशनच्या पाद्रीबाबांचे झगे धुवायची. ती तडक तिकडे गेली. “बाबा, या खेपंला धुलाई नगं. एक शबुद तेवढा सोडवून द्या!”

वीस वर्षांत आपणहून लॅटिन विचारणारं पहिलंच माणूस भेटलं. पाद्रीबाबांचे डोळेच भरून आले.

दुसऱ्या दिवशी गाडीपाशीच दरबार भरला.

“सरकार, शबुद लॅटिनचा,” धुर्पा म्हणाली. “मूळ ‘ओम्निस’, म्हंजी समदा. त्येची चतुर्थी, अनेकवचन ‘ओम्निबस’. म्हंजी समद्यांना, समद्यांसाठी!”

“अगदी बरोबर!” तिच्यासोबत आलेले पाद्रीबाबा म्हणाले. शास्त्रीबुवांनी गुपचूप जोडे पायात चढवले.

“मंग माझ्या बानं सरकारचा हुकूम मोडला न्हाई, पाळला! मोडला त्यो पायी आलेल्यांनी.”

महाराज लालबुंद झाले. पण हार मानतील तर ते महाराज कसले!

“असं? ‘ओम्नि’ म्हणजे सगळे ना? रंगाऱ्याला बोलवा, तेवढं खरवडून टाका! मागचा प्रत्यय राहू दे. नुसत्या प्रत्ययाला कुठे काही अर्थ असतो!”

रंगाऱ्याने पुढची अक्षरं साफ खरवडली.

“पाद्रीबाबा, वाचा आता काय उरलं ते!” महाराजांनी मिशीला पीळ दिला.

“बस.”

“बा, ऐकलंस न्हवं?” धुर्पा बापाकडे वळली. “सोन्याच्या अक्षरांत सरकारचा हुकूम हाय. बस!”

म्हातारा चढला आणि ऐसपैस बसला!

महाराज आधी चकित झाले, मग पोट धरधरून हसले. त्यांनी हातातलं सोन्याचं कडं धुर्पाला दिलं आणि गाडी साऱ्या गावाला खुली केली. म्हाताऱ्याने खिडकीची जागा पकडली होती. शेजारची दिवाणांना मिळाली, मांडीवर धुण्याचं गाठोडं घेऊन!