तिवसगडाचे दगड मोरीत कसे आले

तिवसगडावर आता एक कमान तेवढी उभी आहे, बाकी सगळा उजाड माळ. येणारे पाहुणे विचारतात, तटबंदी गेली कुठे? तोफांनी उडवली का? तोफा कसल्या! खालच्या तिवसवाडीनेच उतरवली ती. गावात जा, घराघराच्या मोरीत गडाचा घडीव दगड दिसेल. चोरी मात्र म्हणू नका. आधी ऐकून घ्या.

गड बांधला तो वाडीच्याच लोकांनी, वेठीला धरून आणलेल्या, असे सांगतात. वाडीतल्या भागाईचा नवरा म्हणे कमानीचा दगड चढवतानाच चिरडून मेला. तेव्हा किल्लेदार दौलोजीने भंडारा उचलून शब्द दिला, "संकट आलं तर हे दार तुमचंच."

संकट आलं. शत्रूचे स्वार खोऱ्यात उतरले, तशी वाडी धावत गड चढली. बघतात तर दार बंद! दौलोजी तटावरून खेकसला, "धान्य शिबंदीलाच पुरायचं नाही. चला, व्हा चालते!" लोक रानात पांगले. भागाई कुठे पळणार? तिची लेक जना पहिलटकरीण, कळा सुरू झालेल्या. भागाईने दारावर डोकं आपटलं. "अरे मेल्या, मला नको घेऊस, पण हिला तरी आत घे रे!" दार काही उघडलं नाही. दिवस मावळायच्या आत जना तिथेच पायरीवर गेली, पोटातल्या पोरासकट.

दौलोजीचं काय झालं म्हणता? काय व्हायचंय! तह केला, गड रिकामा करून दिला आणि पालखीत बसून उतरला मेला. पुढे शत्रूही लूट घेऊन निघून गेला.

मग भागाई एकटीच वर गेली. पहार घालून तिने तटाचा एक दगड उपसला, डोक्यावरून खाली आणला आणि मोरीत टाकला. त्याला म्हणाली, "आम्हीच तुला चढवलं, आम्हीच उतरवणार. पड आता माझ्या खरकट्या पाण्यात." तेव्हापासून वाडीत लग्न ठरलं की नवरदेवाने गडाचा एक दगड उतरवायचा, अशी रीत पडली. पिढ्या गेल्या, बुरूज गेले, तट गेला.

कमानीला मात्र भागाईने कुणाला हात लावू दिला नाही. दाराच्या फळ्या तेवढ्या चुलीत घातल्या. हे दार आता उघडंच दिसलं पाहिजे, म्हणाली. आजही वाडीत नवी सून आली की बाया तिला आधी गडावर नेतात. पायरीवर जनाच्या नावाने पाणी घालतात, तिला कमानीतून आत चालवतात आणि मगच घरचा उंबरठा ओलांडू देतात.